नाटक बसवणे आणि नाटक शिकवणे

तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या एका आंतरशालेय नाट्यस्पर्धेत आमच्या शाळेचे नाटक अकराव्या मिनिटाला थांबले. पाटलाची भूमिका करणारा आठवीतला मुलगा आपले वाक्य विसरला, यात विशेष काही नव्हते; मुले वाक्ये विसरतातच. विशेष होते ते त्यानंतरचे. रंगमंचावर त्या वेळी आणखी सात मुले होती आणि त्यांतल्या एकालाही पुढे काय करावे ते सुचले नाही, कारण प्रत्येक जण आपल्या वाक्याच्या आधी येणाऱ्या शेवटच्या शब्दाची वाट पाहत उभा होता, आणि तो शब्दच आला नाही तेव्हा करण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरले नाही. मी विंगेतून वाक्य सांगितले. त्याला ऐकू गेले नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले आणि विंगेजवळच्या माइकने माझा आवाज उचलून सगळ्या सभागृहाला ऐकवला. प्रेक्षक हसले. मग त्या मुलाने ते वाक्य माझ्याच हेलात, माझ्याच चालीवर म्हटले आणि नाटक कसेबसे पुढे सरकले.

स्पर्धेनंतर परीक्षकांपैकी एक बाई माझ्याशी बोलायला थांबल्या. मुले गुणी आहेत, असे म्हणून त्यांनी सौम्यपणे विचारले की, आठही मुले तुमच्यासारखीच का बोलतात? परतीच्या प्रवासात मुले भेळ खात दंगा करत होती आणि मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते. उत्तर सोपे होते, फक्त ते मान्य करायला मला पुढचे काही महिने लागले. सात वर्षे मी नाटक बसवत होते. नाटक शिकवले मात्र एकदाही नव्हते.

बसवणे हा आपला शब्द नाटकाच्या बाबतीत किती नेमका आहे, हे तेव्हा प्रथम लक्षात आले. आपण दाराला कडी बसवतो, मखरात गणपती बसवतो आणि स्नेहसंमेलनाला नाटकही बसवतो. डिसेंबर उजाडला की संहिता शोधायची, खणखणीत आवाजाची आठ-दहा मुले निवडायची, प्रत्येकाला आपापली वाक्ये वहीत उतरवून द्यायची, कुठल्या शब्दावर उजवा हात वर करायचा आणि कुठल्या शब्दावर मान वळवायची तेही सांगायचे आणि पंधरा-वीस दिवसांत ते सगळे घट्ट बसले की प्रयोग करून मोकळे व्हायचे. वर्गातली उरलेली तीस-पस्तीस मुले सतरंज्या अंथरतात, पडदा ओढतात आणि टाळ्या वाजवतात. मराठीचा तास मी असा घेतला असता, म्हणजे निबंध स्वतः सांगून तो फक्त दहा मुलांकडून लिहून घेतला असता, तर मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले असते. नाटकाच्या बाबतीत माझे कौतुकच होत असे.

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यात, वडशाहून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि नाटकाविषयीच्या कुठल्याही गोष्टीत या पत्त्याला महत्त्व आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. ज्या गावात नाटक त्या गावात घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक करणाऱ्या मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. इथल्या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाळेत ती बातमी फळ्यावर लिहिली गेली होती आणि ती वाचायला गर्दी झाली होती. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. शाळेत मात्र तो क्वचितच साजरा होतो, कारण तेव्हा बहुतेक वेळा दिवाळीची सुट्टी असते. पण आमची मुले त्याच सुमारास कुठल्या तरी गावाच्या मांडवात रात्रभर नाटक पाहत असतात. अशा मुलांना मी, वर्ध्याकडून बदलून आलेली मराठीची शिक्षिका, नाटक म्हणजे काय ते सांगत होते.

पुढच्या वर्षी, म्हणजे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात तेव्हा, मी मुख्याध्यापकांकडे नववीच्या आठवड्यातल्या दोन तासिका मागितल्या. नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणीचा विषय आहे; त्याची एक तासिका आणि शनिवारची शेवटची एक, असे ठरले. दहावी मागण्यात अर्थ नव्हता. कुठले नाटक बसवणार, असे सरांनी विचारले. नाटक बसवणार नाही, असे मी म्हटल्यावर त्यांनी काही क्षण माझ्याकडे पाहिले आणि सही केली. माझी तयारी म्हणाल तर उन्हाळ्यात नागपूरला केलेले दहा दिवसांचे एक शिबिर आणि काही पुस्तके, इतकीच होती. मराठीत बालरंगभूमीची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले, तिथपासूनच्या बालनाट्यांच्या संहिता सहज मिळतात. परंतु ते सगळे प्रेक्षक म्हणून बसलेल्या मुलांसाठी आहे, आणि मला हवा होता तो प्रेक्षकच नसलेला वर्ग. त्यासाठी एखादे तयार पुस्तक हाती लागेना.

पहिल्या तासाला बाके व्हरांड्यात काढली आणि एक्केचाळीस मुलांना सांगितले की, बाजारात दोन माणसे भेटली आहेत, असे जोडी-जोडीने करून दाखवा. पहिली जोडी आली. दोघेही एकमेकांकडे न पाहता फळ्यापासून चार पावले पुढे आले, थांबले, उजवा हात उंचावून एकाने आपले वाक्य ओरडून म्हटले आणि तो मागे सरला. मग दुसरा पुढे आला, त्याच जागी थांबला, ओरडला आणि मागे सरला. दुसऱ्या जोडीने तेच केले. तिसरीनेही. मला हसू आवरेना. झाडीपट्टीची नक्कल करू नका, असे मी त्यांना बजावले आणि मुले गप्प झाली.

ती माझी चूक होती आणि ती मला एका पालकाने दाखवून दिली. ते हंगामात वडशाच्या एका मंडळीत काम करतात आणि पावसाळ्यात शेती करतात. मुलाचा दाखला न्यायला आले होते, तेव्हा मी त्यांना वर्ग पाहायला बसवले. तास संपल्यावर त्यांनी मला विचारले की, मॅडम, पोरे त्या एकाच जागी येऊन का थांबतात, ते तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला माइक वरून टांगलेले असतात, समोर हजारांनी लोक बसलेले असतात आणि नट माइकखाली आला नाही तर मागच्या माणसाला काही ऐकू जात नाही. म्हणून वाक्य ज्याचे असेल तो पुढे येतो, बोलतो आणि दुसऱ्याला जागा करून देतो. आमच्या वर्गात माइक नव्हता, पण मुलांना तो कुठे टांगलेला असतो हे पक्के माहीत होते. म्हणजे ज्याला मी नक्कल म्हणत होते ते खरे तर तंत्र होते, आणि माझ्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या मुलांनी ते रात्री जागून, कुणीही न शिकवता, फक्त पाहून आत्मसात केले होते. त्यांना उणीव होती ती वेगळीच. त्या पालकांनी ती जाता जाता सांगितली: “बोलतात चांगले, पण आयकत नाहीत.” नाटकात माणूस बोलतो तेवढाच वेळ पोरांना दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते, दुसरा बोलत असताना नट काय करतो ते रात्री दूर बसून दिसत नाही.

त्या दिवसापासून वर्षभराचा अभ्यासक्रम माझ्यापुरता ठरला. अभिनय, वाचिक, आंगिक अशी जी प्रकरणे मी वहीत आखली होती ती बाजूला ठेवली आणि ऐकणे हे एकच प्रकरण घेतले.

त्यासाठीचा जो खेळ सर्वांत उपयोगी पडला तो अगदी साधा आहे. सगळ्यांनी गोल करून बसायचे, नजर जमिनीकडे ठेवायची आणि मिळून एकपासून वीसपर्यंत मोजायचे. क्रम ठरलेला नाही, खुणा करायच्या नाहीत. कुणीही एक म्हणावे, कुणीही दोन म्हणावे, पण दोघांच्या तोंडून आकडा एकदमच आला तर पुन्हा एकपासून सुरुवात. एक्केचाळीस जणांचा गोल फार मोठा होतो, म्हणून दोन गोल केले. पहिल्या दिवशी आम्ही चारपर्यंत पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या तासाला एका गोलाने मिनिटभरात वीस गाठले आणि सगळे विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की आकडे हजेरीसारखे डावीकडून उजवीकडे फिरत होते. मधल्या सुट्टीत क्रम ठरवून झाला होता. मी रागावले नाही. सगळ्यांना उठवून जागा बदलायला लावल्या आणि डोळे मिटायला सांगितले. गोल पुन्हा पाचवर आला.

या खेळात काय घडते ते मी अनेक दिवस बारकाईने पाहिले. सुरुवातीला दोन प्रकारची मुले दिसतात. काहींना आकडा तोंडातून जाऊ द्यायची घाई असते आणि काहींना तो आपल्यावर येऊच नये असे वाटते. घाई करणारे दुसऱ्याचे ऐकत नाहीत, हे उघडच आहे. पण गप्प बसणारेही ऐकत नसतात, ते फक्त लपलेले असतात. हळूहळू मुलांना शेजाऱ्याने बोलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येऊ लागतो. तो ऐकू येऊ लागला की आकडे आपोआप पुढे जातात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज चालला होता की मी तास सोडून देण्याच्या विचारात होते, तेव्हा एका गोलाने वीस गाठले. वीस म्हटल्यानंतरही कुणी डोळे उघडले नाहीत. तास संपल्यावर आदल्या वर्षीचा पाटील, वाक्य विसरलेला तोच मुलगा, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “मॅडम, मी आज एकही आकडा नाही बोललो.” वर्गातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा तो. ही तक्रार नव्हती, तो मला बातमी देत होता.

आरशाचा खेळ, ज्यात समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याच्या हालचाली तंतोतंत करायच्या असतात, तो आमच्याकडे नीट जमायला वेळ लागला, कारण मुलगे आणि मुली समोरासमोर उभे राहायलाच तयार नव्हते. मी सक्ती केली नाही. मुलींच्या जोड्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या, आणि दोघांच्या मध्ये चार हातांचे अंतर, असे सुरू केले. ऑक्टोबरपर्यंत ते अंतर कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. गमछ्याचा खेळ मात्र पहिल्या दिवसापासून रंगला: एक गमछा मधोमध ठेवायचा आणि तो गमछा सोडून दुसरे काहीही आहे असे, न बोलता, दाखवायचे. त्याचा झोपाळा झाला, साप झाला, जाळे झाले. एका मुलीने तो घडी करून छातीशी धरला, एक पाऊल पुढे सरकली, थांबली, मान उंच करून पुढे पाहिले, पुन्हा एक पाऊल सरकली. बँकेच्या रांगेतले पासबुक आहे हे ओळखायला वर्गाला क्षणही लागला नाही.

आवाजाच्या बाबतीत मला अधिक काळजी घ्यावी लागली. आमच्या मुलांना नाटकातला आवाज म्हणजे ओरडणे एवढेच माहीत होते, आणि नववीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात. त्या वयात घसा ताणायला लावणे हे मी पूर्वी सर्रास केलेले पाप आहे. आता तळहात पोटावर ठेवून बसायचे, श्वास घेतला की हात बाहेर ढकलला जातो की नाही ते पाहायचे, आणि सोडताना ‘स’ किती वेळ लांबवता येतो ते मोजायचे, एवढ्यावर दोन आठवडे काढले. मग मैदानात वीस पावलांवर जोडीदाराला उभे करून त्याला एक गुपित सांगायचे. ओरडायचे नाही, कारण ते गुपित आहे; पण ऐकू गेले पाहिजे. या विरोधातून मुले शब्दाचा शेवट नीट उच्चारायला शिकली. वाक्याचे शेवटचे अक्षर गिळण्याची सवय बाराखडी घोकून जात नाही, ती अशी जाते.

याच कामात बोलीचा प्रश्न पुढे आला. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. पाणी हे पानी होते आणि डोळा हा डोरा होतो. मी आजवर नाटकाच्या तालमीत या अक्षरांवर अक्षरशः बोट ठेवून ती दुरुस्त करून घेत असे, आणि मुले ण येणार म्हणून वाक्याच्या मध्यावरच कावरीबावरी होत. ज्याचे अर्धे लक्ष पुढे येणाऱ्या ण कडे लागलेले आहे तो समोरच्याचे काय ऐकणार? म्हणून नियम असा केला की, पात्र जसे बोलेल तसे बोलायचे. आजी झाडीबोलीत बोलेल, कंडक्टर प्रवाशाशी एका तऱ्हेने आणि साहेबाशी दुसऱ्या तऱ्हेने बोलेल, तहसील कचेरीतला बाबू प्रमाण मराठीत बोलेल. गंमत अशी की, बाबूची भूमिका करताना त्याच मुलांनी ण चा उच्चार बिनचूक केला, किंबहुना जरा जास्तच ठासून केला, आणि वर्गाला हसू आले. त्यांना ते अक्षर येत नव्हते असे नव्हे; ते कुणाचे अक्षर आहे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

एक प्रसंग असा आहे की तो मी टाळू शकले असते. ऑगस्टमध्ये, रोवणीमुळे, म्हणजे धानाच्या लावणीमुळे, वर्ग निम्मा रिकामा असताना, मी ‘घरी उशिरा आलेला माणूस’ असा विषय उत्स्फूर्त सादरीकरणासाठी दिला. एका मुलीने दारू पिऊन आलेल्या बापाची भूमिका केली. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण ते पात्र कसे करावे हे वर्गातल्या कुणालाही विचारावे लागत नाही. तिने दाराची कडी चाचपडली, चप्पल काढताना भिंतीचा आधार घेतला, आणि मुले खदाखदा हसू लागली, मीही हसले. मग तिने चुलीजवळ बसलेल्या कुणाकडे, म्हणजे रिकाम्या जागेकडे, पाहून एक नाव घेतले आणि ती तिथेच थांबली. ते तिच्या आईचे नाव होते. हसणे थांबायला थोडा वेळ लागला. मी ‘छान’ म्हणून पुढच्या जोडीला बोलावले, कारण त्या क्षणी दुसरे काहीच सुचले नाही. ती पुढचे दोन तास मागे बसून राहिली.

भूमिका करताना नटाने ‘मी या परिस्थितीत असतो तर काय केले असते’ असे स्वतःला विचारावे, हे रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचे सूत्र शिबिरात आम्हाला शिकवले गेले होते आणि ते फार मोलाचे आहे. परंतु त्यातला ‘तर’ हा शब्द शाळेत मोठ्या अक्षरांत लिहायला हवा, हे मला त्या दिवशी उमगले. नंतर मी नियम केला की, आपल्या घरातली गोष्ट आणि घरातल्या माणसाचे नाव आणायचे नाही. गावातल्या दहा माणसांचा मिळून एक माणूस करायचा. त्याशिवाय कुणालाही, काहीही कारण न देता, हात जोडून खेळातून बाहेर पडण्याची मुभा दिली. त्या मुलीशी मी नंतर एकटीशी बोलले. ती काय म्हणाली ते येथे लिहिण्याची गरज नाही. ती खेळात परत आली, पण बापाची भूमिका तिने पुन्हा केली नाही आणि मीही दिली नाही.

पालकांचा विरोध होईल असे मला वाटले होते आणि तो झालाही, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या कारणाने. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा देऊन दहावीला वाढीव गुण मिळतात, तसे यात काय मिळणार, हा प्रश्न एकाच पालकाने विचारला. बाकीच्यांना भीती अशी होती की, पोरगा शाळा सोडून मंडळीत जाईल. शहरातल्या पालकाला नाटक म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. इथे तो रात्रीच्या हिशेबाने पैसे देणारा खराखुरा व्यवसाय आहे, म्हणून भीती अधिक खरी होती. मंडळीत काम करणारे ते पालकच उभे राहिले आणि म्हणाले की, मॅडम जे शिकवतात त्याने मंडळीत कुणी घेणार नाही. सभेचे समाधान झाले. माझे काय व्हायला हवे होते ते मला ठरवता आले नाही.

दिवाळीनंतर मुलांनीच नाटक करू या म्हटले आणि मी संहिता आणणार नाही असे सांगितले. विषय निघाला तो एसटीचा. आजूबाजूच्या पाच गावांतून मुले शाळेत येतात. मुलींसाठी मानव विकास या सरकारी योजनेची निळी बस आहे, मुलगे सायकलने किंवा मिळेल त्या गाडीने येतात, आणि फाट्यावर गाडीची वाट पाहणे हा सगळ्यांच्याच आयुष्यातला रोजचा तासभर आहे. नाटक एवढेच होते: फाट्यावर काही माणसे बसची वाट पाहतात. मी खाकी कागदावर अकरा घटनांचा क्रम लिहून भिंतीला लावला. वाक्ये कुणीच लिहिली नाहीत. तालमीत भूमिका दर वेळी बदलायच्या. आज आजी झालेली मुलगी उद्या कंडक्टर, परवा कुत्रा. यामागे कलाविचार कमी आणि गरज जास्त होती, कारण धानाच्या मळणीच्या दिवसांत उद्या कोण हजर असेल ते सांगता येत नाही. पण त्यामुळे प्रत्येकाला सगळे नाटक ठाऊक झाले. भूमिका न मिळालेली सत्तावीस मुले आवाजांच्या गटात होती: बेडूक, दूरचा ट्रॅक्टर, वारा, आणि बस. बसचा आवाज लांबून येतो तेव्हा फाट्यावरच्या माणसांपैकी तो आधी कुणाला ऐकू जातो, मग कुणाला, आणि ती आपली बस नाही हे कुणाला प्रथम कळते, यावर आम्ही जवळजवळ तीन आठवडे घालवले. नाटकाचा सगळा जीव त्यात होता.

तालीम पाहणाऱ्यांनी ‘छान झाले’ असे म्हणायचे नाही, असाही एक नियम होता. कुणी कुणाचे ऐकले आणि ते कशावरून दिसले, एवढेच सांगायचे. माझ्या मूल्यमापनाच्या वहीतही मी अभिनय उत्तम, आवाज खणखणीत असे शेरे लिहिणे सोडले. त्या वर्षीच्या नोंदी अशा आहेत: समोरचा थांबला तेव्हा हाही थांबला, मुद्दाम पाठ केलेले वाक्य सोडून दिले, दुसऱ्याची चूक सांभाळून घेतली. या नोंदींचे श्रेणीत रूपांतर करताना माझी पंचाईत झाली आणि मी सरळ सगळ्यांना अ दिला. कार्यालयाने हरकत घेतली नाही. कदाचित कुणी पाहिले नसावे.

मुलांनी नाटकाचे नाव ‘फाट्यावर’ असे ठेवले. मुख्याध्यापकांनी ते कार्यक्रमपत्रिकेत वाचून मला बोलावले आणि दुसरे नाव सुचवता येईल का, असे अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारले. नववीच्या मुलांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नसेल, असा माझा युक्तिवाद होता. तो ऐकून सरांना हसू आवरले नाही. अखेर पत्रिकेत ‘नववीचे नाटक’ असे छापले गेले.

स्नेहसंमेलन जानेवारीत, शाळेच्या मैदानावर, दुपारी चार वाजता ठेवले, कारण लांबच्या मुलींना अंधाराआधी घरी पोहोचायचे असते. मैदानाच्या मागून रस्ता जातो. मी पडद्याच्या कडेला उभी होते. हातात कागद नव्हता, कारण कागदावर काही नव्हतेच. नाटक निम्म्यावर आले असेल. तेरा जण फाट्यावर बसले होते, आजी तंबाखू मळत होती, आवाजांचा गट गप्प होता. तेवढ्यात मागच्या रस्त्यावर खरी एसटी आली. तिचा आवाज लांबून येऊ लागला तेव्हा प्रथम कुत्रा झालेल्या मुलाने कान टवकारले, मग आजीचा तंबाखू मळणारा हात थांबला, मग एकेक मान रस्त्याकडे वळली, आणि प्रेक्षकांतही कितीतरी माना वळल्या. गाडी जवळ आली, शाळेच्या कुंपणामागून गेली आणि तिचा आवाज कमी होत होत संपेपर्यंत रंगमंचावर कुणी काही बोलले नाही. मग आजीने पुन्हा तंबाखू मळायला सुरुवात केली आणि खालच्या आवाजात म्हटले, “थे आपली नाही होय.” मैदान हसले. कंडक्टर होणार असलेला आदल्या वर्षीचा पाटील हसू विरेपर्यंत थांबला आणि मग आपल्या वेळेवर आत आला.

ती मुले आता दहावीत आहेत आणि त्यांचा नाटकाचा तास बंद झाला आहे. यंदाच्या नववीत सदतीस मुले आहेत. रोवणी संपून सगळी परत आली आहेत आणि त्यांची मोजणी सध्या नऊवर अडली आहे.